वकील ठाण्यात कधी पोहोचतो?

1 जुलै 2024 नंतर आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आला. 302 चे 103 झाले, 420 चे 318 झाले आणि बार रूममधल्या गप्पा बराच काळ या आकड्यांभोवतीच घुटमळल्या. आपला मूळ फौजदारी कायदा ज्यांच्या हातून लिहिला गेला, त्यांच्या इंग्लंडमध्ये मात्र गुन्ह्यांची एकसंध संहिता आजही नाही. खुनाची व्याख्या तिथे कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांत आहे. दुखापतीसाठी 1861 चा कायदा, चोरीसाठी 1968 चा, मालमत्तेच्या नुकसानीसाठी 1971 चा आणि फसवणुकीसाठी 2006 चा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी आपल्याला 1872 चा पुरावा कायदा लिहून दिला. मायदेशासाठी त्यांनी तयार केलेल्या फौजदारी संहितेचे कायद्यात रूपांतर कधीच झाले नाही.

त्यामुळे इंग्रजी निवाडे वाचताना ओळखीच्या शब्दांवर विसंबू नये. आपल्याकडे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू अप्रामाणिकपणे हलवली की चोरी पूर्ण होते, मग ती परत करायचा बेत असला तरी. इंग्लंडमध्ये मालकाला कायमचे वंचित करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणूनच दुसऱ्याची मोटार नुसती फिरवून आणण्यासाठी 1968 च्याच कायद्यात कलम 12 वेगळे घालावे लागले. ‘अप्रामाणिकपणा’ आपल्या कायद्यात गैरलाभ आणि गैरहानीच्या भाषेत बांधलेला आहे. तिथे आरोपीला वस्तुस्थिती काय वाटत होती हे आधी ठरवतात आणि मग सामान्य सभ्य माणसाच्या मापाने त्याचे वागणे तोलतात. 2017 च्या आयव्ही निकालाने हे माप पक्के केले. दुखापतीच्या कलमांत तर विसंगतीच आहे. 1861 च्या कायद्यातील कलम 20 ची जबर दुखापत कलम 47 च्या इजेहून गंभीर. तरीही कमाल शिक्षा दोन्हींना पाच वर्षेच. जबर दुखापत करण्याचा हेतू सिद्ध झाला की कलम 18 लागते आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

गुन्ह्यांची मांडणी अशी विस्कळीत असली, तरी पोलिसांच्या अधिकारांची मांडणी शिस्तीची आहे. इंग्लंड आणि वेल्ससाठीचा 1984 चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा (तिथले वकील त्याला ‘पेस’ म्हणतात) आपल्या फौजदारी वकिलांनी एकदा मुळातून वाचावा. 2006 पासून तिथे अटक करण्याजोगे आणि न करण्याजोगे गुन्हे हा भेद उरलेला नाही. कोणत्याही गुन्ह्यासाठी वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पण वाजवी संशयाबरोबर अटक आवश्यक का होती, हेही पोलिसाला दाखवावे लागते: नाव-पत्ता कळत नव्हता, कुणाला इजा होण्याची भीती होती, संशयित पसार झाला असता, तपास वेळेत आणि परिणामकारक झाला नसता, अशी कारणे कलम 24 मध्ये मोजून दिली आहेत. आपल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 35 आणि अर्नेश कुमार निकाल याच वाटेवरचे आहेत.

ठाण्यात पाऊल पडताच घड्याळ सुरू होते. तपासाशी संबंध नसलेला, साधारणपणे सार्जंट किंवा त्यावरच्या दर्जाचा कोठडी अधिकारी संशयिताचा ताबा घेतो आणि त्याच्या नावाची नोंदवही उघडतो. पहिला आढावा सहा तासांनी, पुढचे नऊ-नऊ तासांनी. आरोप न ठेवता 24 तास ही सर्वसाधारण मर्यादा. गंभीर गुन्ह्यात अधीक्षक ती 36 तासांपर्यंत नेऊ शकतो. त्यापुढे मॅजिस्ट्रेटचे वॉरंट लागते आणि 96 तासांनंतर तेही चालत नाही. दहशतवादाच्या प्रकरणांसाठी वेगळा कायदा आहे. दर 24 तासांत सलग आठ तास विश्रांती, दिवसाला एक मुख्य आणि दोन हलकी जेवणे, गरज असेल तर दुभाषा, हे सारे आचारसंहितेत लिहिलेले आहे. वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. वकील आला की त्याला कोठडीची नोंद दाखवावी लागते आणि मुलाखतीच्या वेळी तो अशिलाशेजारी बसतो.

हे सारे एका जुन्या जखमेतून आले. 1972 मध्ये लंडनमधील कॉन्फेट खून प्रकरणात तीन तरुण मुलांना पोलिसांपुढच्या कबुलीजबाबांवर दोषी ठरवले गेले. 1975 मध्ये ती दोषसिद्धी रद्द झाली. त्यानंतर चौकशी झाली, शाही आयोग बसला आणि 1984 चा कायदा आला. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालते, हे तत्त्व त्यांनी सोडले नाही. मात्र आक्षेप घेतला गेला तर ती दडपशाहीतून किंवा विश्वासार्हतेला बाधा आणणाऱ्या परिस्थितीतून आली नाही, हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध केले पाहिजे. तसे झाले नाही तर कबुली खरी असूनही बाद होते. कलम 76 तसे स्पष्ट सांगते.

आपण उलटा मार्ग धरला. पोलिसांपुढची कबुली आपण 1861 पासून नाकारत आलो, आणि नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 ने तेच कायम ठेवले. हे संरक्षण मोठे आहे; पण त्याच्या भरवशावर आपण, म्हणजे वकिलांनी, ठाण्याच्या आत काय चालते याकडे पाठ फिरवली. कबुली बाद असली तरी तिच्यातून निघालेला मेमोरँडम पंचनामा त्याच कलमाच्या परंतुकाच्या दाराने पुराव्यात येतोच. पंचांची सही कुठे आणि कधी झाली, हे आपण उलटतपासात विचारतो, तेव्हा काही वर्षे उलटून गेलेली असतात. इंग्लंडमधला वकील हे प्रश्न पहिल्या रात्रीच विचारतो.

तिकडचे सगळे अनुकरणीय आहे असे मुळीच नाही. 1994 च्या कायद्याने गप्प राहण्याच्या हक्काला किंमत लावली: चौकशीत न सांगितलेली बाब आरोपीने पुढे न्यायालयात मांडली, तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. केवळ त्या अनुमानावर दोषी ठरवता येत नाही आणि वकिलाला भेटू दिले नसेल तर अनुमानही काढता येत नाही, एवढाच आधार उरतो. त्याच कायद्याच्या कलम 60 खाली ठरावीक भागात आणि ठरावीक वेळी संशयाशिवाय झडती घेता येते. रस्त्यावर अडवल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे, ही टीका जुनी आहे आणि ती अजून निवळलेली नाही.

या विषयाला एक रोजच्या कामाची बाजूही आहे. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलामुलींना ठाण्यात बोलावले, की पालक आधी इथल्या ओळखीच्या वकिलाला फोन करतात. ‘आपल्याकडे पोलिसांपुढचे बोलणे पुराव्यात येत नाही’ हा दिलासा त्यांना चुकूनही देऊ नका; तिथे ते येते. मोफत मिळणारा स्थानिक सॉलिसिटर मागा, तो येईपर्यंत प्रश्नांची उत्तरे देऊ नका, भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागा आणि भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधू द्या असे सांगा, हाच योग्य सल्ला.

आपल्या घरचे काम याहून मोठे आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 38 चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क देते. संपूर्ण चौकशीभर नसला तरी तो हक्क आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यातील सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे. चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी पहिल्या रिमांडलाच करा. अटकेची वेळ, कारणे आणि नातेवाइकाला दिलेली खबर या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी न्यायालयाच्या रेकॉर्डवर आणा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.