घरकुल मंजूर, पण जमीन कुठाय?

घरकुल मंजूर झाल्याची यादी व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या पुढाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : घर बांधायचे कुणाच्या जमिनीवर?

प्रधानमंत्री आवास योजना असो की अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची रमाई आवास योजना, अनुदान मिळते ते बांधकामाला. जागा लाभार्थ्याने दाखवायची. म्हणजे ज्यांच्या बापजाद्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच आता मालकीचा कागद आणायचा! आपली माणसे घरटॅक्सची पावती दाखवतात. पण ती पावती म्हणजे मालकी नव्हे. कर घेताना तो रहिवासी, घरकुल मागताना तोच अतिक्रमणधारक.

गोंदियात हा पेच अधिक घट्ट आहे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसूल दप्तरी 'झुडपी जंगल' आहे. तिच्यावर घरे उभी आहेत, शाळा आहेत, स्मशानभूमीही आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचे ठरवले. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाट न्यायालयाने ठेवली. पण ज्याच्याकडे वाटपाचा कागदच नाही, त्याला ही वाट सापडणार कशी?

कुणी म्हणेल, जागा घ्यायलाही सरकार पैसे देते. खरे आहे. दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी अर्थसहाय्य देते. पण गावठाणातली जागा आपल्याला विकायला कोण तयार होतो? अनुदानाने विटा येतात, जातीची वेस हटत नाही.

आणि ही भीक नाही. प्रधानमंत्री आवास योजनेची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात की भूमिहीन लाभार्थ्याला जमीन मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे. मग 'जागा नाही' हा शेरा लाभार्थ्याच्या नावापुढे का? तो शासनाच्या नावापुढे हवा.

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखले होते. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पडीक सरकारी जमिनीवर अशा वसाहती मागितल्या. १९५४ साली ते ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, त्याच जिल्ह्यात तेव्हा आपला गोंदिया होता. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्यांनी आधी जमीन मागितली. आपण मात्र पहिल्या हप्त्यावर समाधान मानतो!

म्हणून तरुणांनो, येत्या ग्रामसभेत भूमिहीन लाभार्थ्यांची वेगळी यादी मागा आणि तिचा ठराव लिहून घ्या. वस्तीच्या जमिनीची नोंद व जुन्या वाटपाचे कागद माहितीच्या अधिकारात तहसीलमधून काढा. पट्टा मिळेल तो नवरा-बायको दोघांच्या नावे घ्या.

आधी जमीन, मग वीट. जयभीम!