निकालापासून पहिल्या तासापर्यंत

बारावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि महाविद्यालयाचा पहिला तास भरतो तो जून-जुलैत. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत तर कित्येकदा ऑगस्ट-सप्टेंबरात. या मधल्या काळाला सुखवस्तू घरांत सुटी म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलात किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत या काळाला असे काही नाव नाही. पेपर देऊन आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी यंत्रमागावर उभा राहतो; मुलगी आईशेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसते. त्यात लाजिरवाणे काही नाही आणि घराचा दोषही नाही, कारण घराला त्या हातांची गरज असते. प्रश्न निराळा आहे. या चार-सहा महिन्यांनंतर त्या मुलामुलींपैकी किती जण वर्गात पोहोचतात आणि जे पोहोचतात ते कोणत्या तयारीने पोहोचतात, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

सोलापूरला उच्च शिक्षणाच्या सोयी एका दिवसात मिळाल्या नाहीत. १९४० साली दयानंद महाविद्यालय आणि १९५३ साली संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरशी जोडली गेली आणि २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी असलेले स्वतंत्र विद्यापीठ सोलापुरात आले. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. मैलांचे अंतर अशा रीतीने कमी झाले. परंतु जागा मिळणे आणि त्या जागेवर प्रत्यक्ष जाऊन बसणे या दोन गोष्टींमधील अंतर मैलांत मोजता येत नाही. शिक्षणाच्या चळवळीने आजवर जागेसाठी लढा दिला. जागेपासून बाकापर्यंतची वाट मात्र तिने ज्याच्या त्याच्या घरावर सोपवली.

ही वाट सर्वांना सारखी नाही, आणि तिची विषमता प्रथम काळाच्या रूपाने दिसते. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत नोव्हेंबरात अर्ज करणाऱ्यास डिसेंबरच्या मध्यालाच प्रवेशाचा होकार कळतो आणि वर्ग भरतात ते पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या विद्यार्थ्याला आठ महिने निश्चिंतपणे तयारी करता येते. महाराष्ट्रातही अनेक खासगी विद्यापीठे आपापल्या परीक्षा घेऊन बारावीच्या निकालापूर्वीच तात्पुरता प्रवेश देतात. शुल्काचा पहिला हप्ता भरला की जागा राखली जाते. येथे विकली जाते ती केवळ जागा नसते, निश्चिंतीही विकली जाते. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला फेब्रुवारीत आपला मार्ग ठाऊक असतो. ज्याच्यापाशी केवळ गुण आहेत त्याने वाट पाहावयाची असते.

किती वाट पाहावयाची, याचे उदाहरण म्हणून २०२५ सालाकडे पाहता येईल. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीस सुरू झाली आणि निकाल ५ मे रोजी लागला. अभियांत्रिकीच्या सीईटीचा निकाल जूनच्या मध्यावर आला. त्यानंतर नोंदणी, कागदपत्रांची छाननी, गुणवत्ता यादी आणि एकामागून एक प्रवेशफेऱ्या अशी मिरवणूक ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालली. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळून ती पक्की झालेल्या विद्यार्थ्यालाही वर्ग भरण्याची वाट पाहावी लागली. म्हणजे प्रवेशापूर्वीची प्रतीक्षा अनिश्चिततेत जाते आणि प्रवेशानंतरची शुल्क, खोली व पुस्तके यांच्या विवंचनेत.

या विवंचनेतून सुटण्यासाठी काही पालक कर्ज काढून आधीच मिळणारी जागा घेऊन ठेवतात. त्यातील फसगत कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. परंतु ही माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील व संस्थास्तरावरील प्रवेश तीतून वगळले आहेत. अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठेही वगळली आहेत. घाईने घेतलेल्या जागेची किंमत अशी दुहेरी पडते. एकीकडे हप्ता जातो आणि दुसरीकडे हक्काची माफीही जाते. हप्ता भरून बसलेल्या पालकाला तो परत मागता येतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास संपूर्ण शुल्क परत करावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने संस्थांना बजावले होते. नियम असतो, तो सांगणारा माणूस दारात नसतो.

जागा निश्चित झाल्यावरही गळती होते, ही गोष्ट केवळ गरीब देशांची नाही. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘समर मेल्ट’ या पुस्तकात अमेरिकेतील अशाच गळतीचा अभ्यास मांडला. महाविद्यालयात जाण्याचे ठरवून शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी १० ते २० टक्के विद्यार्थी उन्हाळा संपल्यावर महाविद्यालयात दिसतच नाहीत. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांत हे प्रमाण त्याहूनही अधिक असते. बुद्धीची उणीव हे त्याचे कारण नव्हते. शुल्काची नोटीस समजली नाही, आर्थिक साहाय्याचा एक अर्ज राहिला, वसतिगृहाची तारीख चुकली आणि शाळा बंद असल्याने विचारायला कोणी उरले नाही, अशा किरकोळ वाटणाऱ्या अडचणींनी मुले गळाली. याच संशोधनाने दुसरी गोष्टही दाखवून दिली. उन्हाळ्यात कोणीतरी थोडा वेळ देऊन मार्गदर्शन केले, वेळोवेळी आठवण करून दिली, तर त्यांपैकी कित्येक मुले वर्गात पोहोचतात. एवढ्या संपन्न देशात जे घडते ते सोलापुरात घडत नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

सोलापुरात त्याला आणखी काही कारणे येऊन मिळतात. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४० टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. बारावीपर्यंत टिकलेली मुलगी या संकटातून निसटलेली असते, पण पुरती सुटलेली नसते. ‘पुढे काय’ याचे उत्तर मेअखेर घरात नसेल तर ते उत्तर पाहुणे घेऊन येतात. प्रवेशाचा कागद हाती असणे आणि अमुक तारखेला वर्ग सुरू होणार हे ठाऊक असणे, हे अशा घरात मुलीच्या बाजूचे मोठे बळ असते. मंगळवेढ्याच्या वा अक्कलकोटच्या खेड्यातून येणाऱ्या मुलीपुढे आणखी एक पेच उभा राहतो. बारावीपर्यंत तिला एस.टी.चा मोफत पास असतो. बारावी संपताच तो संपतो आणि सवलतीच्या मासिक पासाचे पैसे दरमहा मोजावे लागतात. रक्कम लहान असते. परंतु ज्या घरात विड्यांच्या हजारीवर चूल चालते तेथे लहान रकमाच मोठे निर्णय करतात.

मग तयारी म्हणजे काय? बाजाराच्या लेखी तयारी म्हणजे ‘फाउंडेशन’, ‘ब्रिज’, ‘क्रॅश’ अशा नावांचे वर्ग आणि नवा लॅपटॉप. कष्टकरी घरातील विद्यार्थ्याची तयारी कागदपत्रांपासून सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात पडताळणी, यांतील एक कागद अडला तरी जागा हातची जाते. पद्मशाली, कोष्टी यांसारख्या विणकर जातींना विशेष मागास प्रवर्गाच्या सवलती आहेत. पण पडताळणीसाठी जुन्या पिढ्यांचे पुरावे लागतात, आणि मागावर काम मिळेल तेथे वस्ती केलेल्या आजोबा-पणजोबांचे पुरावे शोधणे हे आठवड्याभराचे काम नव्हे. ते बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू झाले पाहिजे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे; तिला आईचे विडी कामगार ओळखपत्र लागते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी स्वाधार योजना आहे. या सर्वांचे अर्ज वेगळे, मुदती वेगळ्या, आणि पैसे येतात ते आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात. ते खातेही याच काळात उघडून ठेवावयाचे असते.

तयारीचा दुसरा भाग भाषेचा आणि अभ्यासाचा. सोलापूरच्या वस्त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या भाषा शेजारी नांदतात. तेलुगू घरातील मूल मराठीत शिकते आणि महाविद्यालयात त्याच्यापुढे इंग्रजी ग्रंथ येतो. पहिल्या सहा महिन्यांत तो गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यालाच मंदबुद्धी समजले जाते. याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले ते तेथील भाषा शिकून गेले नव्हते. तेथे ती शिकून त्यांनी सेवा केली. परकी भाषा काळ मिळाला आणि सोबत मिळाली की येते. प्रतीक्षेचे महिने हा तो काळ आहे. रोज एक पान इंग्रजी मजकूर शब्दकोश घेऊन वाचणे, वाचलेले मायभाषेत लिहून काढणे, निवडलेल्या विषयाचे पहिल्या वर्षाचे एखादे पुस्तक ग्रंथालयातून आणून चाळणे, एवढेही पहिल्या सत्रातील भय निम्मे करते. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी संस्था शहरात आहे. तिची पायरी चढण्याचा संकोच मोडणे हीसुद्धा तयारीच होय. नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेली मुख्य विषय, दुय्यम विषय व श्रेयांक यांची भाषाही विद्यार्थ्याने प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी समजून घेतली पाहिजे; संगणक केंद्रावरील माणसाने घाईत दाबलेल्या कळीवर तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम ठरता कामा नये.

यावर असे म्हटले जाईल की, हुशार विद्यार्थी आपली वाट काढतोच. हे अर्धसत्य आहे. वाट काढलेले विद्यार्थी दिसतात, सत्कार त्यांचेच होतात. जे मागावरच राहिले त्यांची छायाचित्रे छापली जात नाहीत. दुसरा आक्षेप असा की, या मुलांनी काम सोडून पुस्तके घेऊन बसावे हे घराला परवडणार नाही. तसे कोणी म्हणतही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम व शिक्षण यांची सांगड घालून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग महाराष्ट्राला दाखवला, तेव्हा श्रमाला त्यांनी शिक्षणाच्या सेवेला लावले होते. मागावरील बारा तासांची पाळी नेमके उलटे करते; ती शिक्षणाला गिळून टाकते. पाळीनंतर एक तास आणि त्या तासाला बसण्याजोगी एक जागा, एवढे तरी त्या मुलाला मिळाले पाहिजे.

या संदर्भात शासनाकडे व विद्यापीठाकडे काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. प्रवेशप्रक्रियेचे वेळापत्रक वर्षारंभीच जाहीर व्हावे आणि ते पाळले जावे. वसतिगृहांचे प्रवेश वर्ग सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावेत. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशाच्या वेळी माफ झालेले शुल्क मागितले जाऊ नये. मे-जूनमध्ये रिकाम्या असलेल्या सार्वजनिक महाविद्यालयांच्या इमारतींत भाषा व गणित यांचे विनामूल्य वर्ग संध्याकाळी चालवावेत. यांपैकी कोणतीही मागणी अशक्य कोटीतील नाही.

तथापि मागण्या मान्य होईपर्यंत उन्हाळा थांबत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी मार्चमध्येच बारावीला बसलेल्या मुलामुलींची यादी करावी, आठवड्यातून दोन संध्याकाळी संघटनेच्या कार्यालयात एक टेबल मांडावे, आणि आधीच्या वर्षी महाविद्यालयात गेलेल्या एकेका विद्यार्थ्याकडे नव्या चार-पाच जणांची जबाबदारी द्यावी. अर्ज कोणता, मुदत कधी, कागद कोणता राहिला, हे त्याने विचारावे. घरात लग्नाची बोलणी सुरू झाल्याचे कानी आले तर संघटनेतील ज्येष्ठ भगिनींनी त्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे. आणि ही यादी प्रवेशाच्या दिवशी फाडून टाकू नये. पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत ती चालू ठेवावी, कारण जागा मिळाली त्या दिवशी हे काम संपत नाही. विडी घरकुलातील मुलगी पहिल्या तासाला बाकावर बसली आणि दुसऱ्या सत्रातही तेथेच दिसली, तर त्या वस्तीपुरते ते पुरे झाले असे म्हणता येईल.