सर्वांत उत्तम गाडी कोणती?

विद्यार्थी मित्रहो, ब्रिटनमध्ये आगगाड्यांचे वेड असलेली मंडळी पुष्कळ आहेत. हातात वही-पेन्सिल घेऊन तासन् तास फलाटावर उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे क्रमांक टिपायचे, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा छंद. असे चौघे एकत्र आले की एक वाद हटकून निघतो : ब्रिटनची सर्वांत उत्तम वेगवान गाडी कोणती? एक म्हणतो, युरोस्टार. दुसरा म्हणतो, छे, वळणावर झुकणारी ए. पी. टी. तिसरा इंटरसिटी २२५ चे नाव घेतो, आणि चौथा इंटरसिटी १२५ पुढे, म्हणजेच एच. एस. टी. पुढे, दुसरी कोणतीच गाडी मानायला तयार नसतो.

हा वाद तुमच्या कामाचा आहे. यंत्राची पारख कशी करावी, हे त्यातून शिकता येते. माझे मत मी शेवटी स्पष्टच सांगणार आहे. पण आधी पुरावा पाहू.

केवळ आकडाच पाहायचा, तर वाद एका मिनिटात मिटतो. ३० जुलै २००३ रोजी युरोस्टार गाडीने इंग्लंडमध्ये ताशी ३३४.७ किलोमीटर वेग गाठला. दुसरी कोणतीही ब्रिटिश गाडी तिच्या जवळपास नाही. पण थांबा. हा वेग तिने कोठे गाठला? लंडन आणि चॅनेल बोगदा यांच्या दरम्यान खास वेगवान गाड्यांसाठी नव्याने बांधलेल्या मार्गावर. हीच गाडी १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा इंग्लंडच्या जुन्या रुळांवर तिला ताशी १६० किलोमीटरपर्यंतच धावता येत होते. गाडी तीच, बदलला तो मार्ग. तेव्हा या विक्रमाचे निम्मे श्रेय तरी रुळांना द्यायला हवे. ३ जुलै १९३८ रोजी 'मॅलर्ड' या वाफेच्या इंजिनाने ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम केला, तोही उतारावर. विक्रमाचा आकडा वाचताना तो कोणत्या परिस्थितीतला आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता ब्रिटनसमोरची मूळ अडचण समजावून घेऊ. १९६४ मध्ये जपानने तोक्यो आणि ओसाका यांच्यामध्ये सरळ, नवा मार्ग बांधून वेगवान गाड्या सुरू केल्या. ब्रिटनमधील रेल्वेमार्ग मात्र एकोणिसाव्या शतकातील. अनेक ठिकाणी वळणावळणांचे. नवे मार्ग बांधण्याइतका पैसा खर्च करायची तयारी नव्हती. म्हणून अभियंत्यांना प्रश्न घालून दिला गेला तो असा : रूळ जुने, वळणे जुनी, सिग्नल जुने, तरीही गाडी ताशी १६० किलोमीटरपेक्षा वेगाने न्यायची कशी?

येथे थोडे गणित करू. घाटात एस. टी. वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, हा अनुभव तुम्हांला आहे. वळणावर लागणारे त्वरण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळते. समजा, वळणाची त्रिज्या १००० मीटर आहे आणि गाडीचा वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. ५० चा वर्ग २५००. त्याला १००० ने भागले की उत्तर येते २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच बसवतात. ही उंची १५० मिलिमीटर धरली, तर त्यातले सुमारे १ भागते. उरलेले १.५ प्रवाशाला सोसावे लागते. चहाचा कप सांडायला आणि उभ्या माणसाचा तोल जायला ते पुरेसे आहे.

याच ठिकाणी ए. पी. टी. चा जन्म झाला. डर्बी येथील रेल्वेच्या प्रयोगशाळेत ॲलन विकन्स आणि त्यांचे सहकारी चाक आणि रूळ यांच्या परस्परसंबंधाचा मुळापासून अभ्यास करीत होते. विकन्स आले होते विमानांच्या क्षेत्रातून. वळण येताच डबाच आतल्या बाजूला ९ अंशांपर्यंत झुकवायचा, ही या गाडीतली मुख्य कल्पना. ९ अंशांची ज्या सुमारे ०.१५६, तिला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणले की १.५३ मिळतात. पाहा, आपले उरलेले १.५ जवळजवळ पूर्ण भागले! प्रवाशाला वळण जाणवणारच नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : डबा झुकल्याने रुळांवरचा भार कमी होत नाही. झुकणे हे प्रवाशाच्या सुखासाठी. रुळांना जपायचे तर गाडी हलकी हवी आणि चाकांची रचना उत्तम हवी. त्यासाठीच तर तो मूलभूत अभ्यास होता.

ए. पी. टी. च्या प्रायोगिक गाडीने १९७५ मध्ये ताशी २४५ किलोमीटर वेग गाठला. विजेवर चालणाऱ्या पुढच्या गाडीने डिसेंबर १९७९ मध्ये २६१ गाठला. हा ब्रिटिश विक्रम २००३ मध्ये युरोस्टारने मोडेपर्यंत टिकला. ७ डिसेंबर १९८१ रोजी ती प्रवाशांना घेऊन ग्लासगोहून निघाली आणि ४ तास १४ मिनिटांत लंडनला पोहोचली. पण त्यानंतर झुकण्याची यंत्रणा बिघडली, कडाक्याच्या थंडीत ब्रेक गोठले, आणि काही दिवसांतच गाडी मागे घ्यावी लागली. काही प्रवाशांना मळमळलेही. गंमत म्हणजे त्याचे कारण वरच्या गणितातच दडले होते. यंत्रणा वळणाचा परिणाम जवळजवळ पूर्ण नाहीसा करीत होती. डोळ्यांना खिडकीबाहेरचे क्षितिज तिरके होताना दिसे, पण शरीराला काहीच जाणवत नसे. डोळे आणि कान यांची साक्ष जुळली नाही की मेंदू गोंधळतो. यावर उपाय निघाला तो असा की डबा थोडा कमी झुकवायचा. वर्तमानपत्रांनी मात्र या गाडीची यथेच्छ टिंगल केली. तिने डिसेंबर १९८४ मध्ये लंडन ते ग्लासगो हे सुमारे ६४५ किलोमीटर अंतर ३ तास ५२ मिनिटे ४० सेकंदांत कापले, तोवर तिच्याबद्दलची आस्था संपली होती. तो विक्रम किती पक्का होता पाहा : जून २०२१ मध्ये पेंडोलिनो या आधुनिक झुकणाऱ्या गाडीने तो मोडण्याचा प्रयत्न केला, आणि ती २१ सेकंदांनी कमी पडली.

एच. एस. टी. ची गोष्ट याच्या नेमकी उलटी. ए. पी. टी. तयार व्हायला वेळ लागणार, तोवर काहीतरी सोय हवी, म्हणून १९७० मध्ये तिला मंजुरी मिळाली. हे काम टेरी मिलर यांच्या देखरेखीखाली झाले. नवे शोध लावण्यापेक्षा हाताशी असलेले ज्ञान नेटकेपणाने वापरायचे, असे धोरण होते. एकच अवजड इंजिन रुळांना झेपणार नाही, म्हणून दोन्ही टोकांना सुमारे ७० टनांचे एकेक इंजिन, प्रत्येकी २२५० अश्वशक्तीचे. त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडण्याची खटपटही वाचली. वेग १६० वरून २०० वर नेला की गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. तरीही गाडी जुन्या सिग्नलांच्या अंतरातच थांबली पाहिजे. त्यासाठी चाकांना तबकडीचे ब्रेक बसवले. ऑक्टोबर १९७६ पासून लंडनहून ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे ती ताशी २०१ किलोमीटर वेगाने धावू लागली. १९८७ मध्ये तिने २३८ किलोमीटरचा डिझेल गाड्यांचा विक्रम केला. तात्पुरती म्हणून आलेली ही गाडी लंडनच्या पश्चिम मार्गावर २०१९ पर्यंत, म्हणजे तब्बल ४३ वर्षे धावली.

इंटरसिटी २२५ चे काय? तिचे नावच तिच्या अपेक्षित वेगावरून ठेवलेले. १९८९ मध्ये तिने २६० किलोमीटर गाठलेही. पण रोजच्या प्रवासात तिला २०१ च्या पुढे जाता आले नाही. त्याहून अधिक वेगात रुळाकाठचे दिवे चालकाने खात्रीने पाहणे अवघड. त्यासाठी सिग्नल चालकाच्या खोलीतच दिसायला हवेत. पीटरबरोजवळ लुकलुकत्या हिरव्या दिव्याचा प्रयोग झाला, पण तेवढ्याने भागले नाही. गाडीत ताकद होती, मार्गात सोय नव्हती.

आता माझे मत. 'जुन्या मार्गावर, उपलब्ध पैशात, लवकरात लवकर, लाखो प्रवाशांना वेगाने न्या' या प्रश्नाला सर्वांत उत्तम उत्तर दिले ते एच. एस. टी. ने. म्हणून माझे मत तिलाच. तिच्यात दोष नव्हते असे नाही. डिझेलचा धूर होता. जुन्या बांधणीच्या डब्यांची मजबुती आजच्या कसोटीला उतरत नव्हती. १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्ये कारमाँटजवळ अशी एक गाडी घसरून तिघांचा मृत्यू झाला. आजच्या निकषांनुसार बांधलेली गाडी असती तर हानी बहुधा कमी झाली असती, असे चौकशीत म्हटले आहे. एखाद्या यंत्रावर प्रेम असले तरी त्याला निवृत्त करण्याची वेळ ओळखावी लागते.

पण एच. एस. टी. ला पहिला क्रमांक देताना ए. पी. टी. ला नापास करणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ती प्रयोगशाळेतून नुकती बाहेर पडलेली गाडी होती. तिच्याकडून रोजच्या गाडीचे काम मागितले गेले, आणि ते जमेना म्हणून हसू केले गेले. झुकण्याचे तत्त्व चुकीचे नव्हते. २००४ पासून पेंडोलिनो गाड्या त्याच लंडन-ग्लासगो मार्गावर ताशी २०१ किलोमीटर वेगाने, झुकतच धावत आल्या. प्रयोगात बिघाड व्हायचाच. तो का झाला हे शोधायला वेळ आणि पैसा द्यावा लागतो. तो न देता प्रयोग गुंडाळला, की पुढे तीच वस्तू दुसऱ्यांकडून विकत घ्यावी लागते. पेंडोलिनोचे झुकण्याचे तंत्र इटलीहून आले, हे विसरू नका.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात विज्ञानाचा प्रयोग फसला की आपण बहुधा त्याला शून्य गुण देतो आणि पुस्तकातले उत्तर लिहून घेतो. त्याऐवजी 'का फसला?' याला गुण देऊन पाहा. आणि विद्यार्थी मित्रहो, 'सर्वांत उत्तम सायकल कोणती', 'सर्वांत चांगला पंप कोणता' असा वाद तुमच्यात निघाला, तर आधी कागदावर दोन रकाने आखा. एकात लिहा, या यंत्राला कोणते काम दिले होते. दुसऱ्यात लिहा, ते करताना कोणत्या अडचणी होत्या. मग मत द्या. वाद तरीही मिटणार नाही, पण तो ऐकण्यासारखा होईल.