विहाराची वाट आणि सुटी खडी



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या वर्षी मात्र म्हाताऱ्या आयाबाया येईनाशा झाल्या. चिखल नको म्हणून आम्हीच वर्गणी काढून रस्त्यापासून विहारापर्यंत टेम्पोभर खडी ओतली होती. ती पायाखालून सरके. एक आजी पडल्या, मनगट मोडले.

आणि खडीची माहिती आम्ही त्यांना काय सांगणार! १९७२ च्या दुष्काळात यातल्या कितीतरी जणींनी मराठवाड्यात दुष्काळी कामांवर खडी फोडली. पुढे इकडे आल्यावर काहींनी तुर्भे-रबाळ्याच्या दगडखाणींत तेच केले. त्यांनी फोडलेल्या खडीवरून गाड्या धावल्या. हात गळ्यात बांधलेल्या आजींनीच आमची शाळा घेतली : “खाली मऊ माती, वर एकाच मापाची खडी. ती एकमेकीला धरणार कशी?”

यंदा मे महिन्यात श्रमदानाने सगळे पुन्हा केले. खडी गोळा करून बाजूला ठेवली. सहा-सात इंच माती उकरून काढली. दोन्ही कडांना मोठे दगड पुरले, कारण कड नसेल तर खडी बाजूला पसरतेच. तळाशी चार इंच मुरूम पसरला, पाणी मारले आणि धुमसाने ठोकला. मधला भाग कडेपेक्षा दीड-दोन इंच उंच ठेवला, म्हणजे पाणी वाटेवर साचत नाही. त्यावर तीन इंच खडी. खडी फोडीव, टोकदार घ्यावी. नदीतले गोल गोटे कितीही ठोका, बसत नाहीत. आधी कोरडीच ठोकली, मग वरून खाणीतली बारीक कच टाकून झाडूने फटींत सारली, पाणी मारले, पुन्हा ठोकली. कच फटींत उतरायची थांबेपर्यंत हेच करायचे. इथे आमच्या तरुणांचा धीर सुटला होता, पण आजी कठड्यावर बसून होत्या.

कच कोरडी उडवू नका. तोंडाला ओला रुमाल बांधा. दगडाच्या धुळीने छाती गेलेली माणसे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. आणि हे काम मृगाआधीच उरका. भर पावसात मुरूम बसत नाही, त्याचा राडा होतो.

या आषाढी पौर्णिमेला आजी काठी टेकत आल्या. कडेचा एक दगड हलतो आहे, तो त्यांनी काठीनेच दाखवला. येत्या रविवारी बसवू.