सुईदोऱ्याची साक्ष

गावात खून झाला आहे, पोलीस भलत्याच माणसाच्या मागे लागले आहेत आणि खरा तपास लोकरीच्या दुकानात गोल करून बसलेल्या विणकाम करणाऱ्या बायका लावत आहेत, असे कथानक सांगितले की मराठी रहस्यकथेचा मुरलेला वाचक नाक मुरडतो. त्याला धनंजय हवा असतो, झुंजार हवा असतो. या नायकांचे जनक बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून जो वाचक घडवला, त्याच्या लेखी तपास म्हणजे वेषांतर, पाठलाग, पिस्तूल आणि अंधाऱ्या गल्लीतली झटापट. सुई, दोरा, विणायच्या सुया ही साधने त्याला पोरखेळ वाटतात. त्याचे हे मत चुकीचे आहे. सोलापूरसारख्या गावात तर ते अधिकच चुकीचे ठरते, कारण इथली निम्मी वस्ती धाग्यावर जगत आली आहे आणि धागा किती बोलतो हे इथे सांगावे लागू नये.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. इंग्रजीत त्याला कोझी मिस्टरी म्हणतात. रक्ताचे सडे नाहीत, शृंगार पडद्याआड, गाव लहान, तपास करणारी व्यक्ती हौशी आणि बहुधा स्त्री. अमेरिकेत 1989 पासून या जातीच्या रहस्यकथांचे मॅलिस डोमेस्टिक नावाचे संमेलन भरते आणि तिथे अगाथा ख्रिस्तीच्या नावाने पुरस्कार दिले जातात. सुईकामावरच्या कादंबऱ्या ही या प्रकाराची एक भरदार शाखा आहे. अर्लीन फाउलर यांची ‘फूल्स पझल’ 1994 साली आली. तिची नायिका बेनी हार्पर लोककलांच्या संग्रहालयाची व्यवस्था पाहते आणि मालिकेतल्या पुस्तकांची नावे गोधड्यांच्या नक्ष्यांवरून ठेवलेली आहेत. याच मालिकेतल्या ‘मरिनर्स कंपास’ला अगाथा पुरस्कार मिळाला. मोनिका फेरिस यांची ‘क्रूअल वर्ल्ड’ 1999 ची. ती मिनेसोटातल्या एक्सेलसियर या खऱ्याखुऱ्या गावात, भरतकामाच्या सामानाच्या दुकानात घडते. मॅगी सेफ्टन यांची ‘निट वन, किल टू’ 2005 ची. तिच्यात शहरातली हिशेबनीस बाई आत्याच्या अंत्यविधीसाठी गावी येते आणि समोरच्या लोकरीच्या दुकानात गुंतून जाते.

या कादंबऱ्यांवरचा सर्वांत मोठा आक्षेप असा की सुईकाम हे नुसते नेपथ्य आहे. दुकानातून लोकर काढा, केक ठेवा, कथा तीच राहील. हा आक्षेप पुरता खोटा नाही. मागच्या पानांवर एक नमुना छापला, मुखपृष्ठावर लोकरीचा गुंडा आणि मांजर काढले की झाली सुईकामाची कादंबरी, अशी पुस्तके ढिगाने निघाली आहेत. पण कोणत्याही साहित्यप्रकाराची किंमत त्यातल्या गाळावरून ठरत नाही. ती ठरते त्या प्रकाराला जे जमते आणि दुसऱ्या कशालाच जमत नाही, त्यावरून. आणि ते काय आहे हे 1916 सालीच एका बाईने दाखवून दिले आहे.

तिचे नाव सुझन ग्लास्पेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ती तरुणपणी वार्ताहर होती. डिसेंबर 1900 मध्ये तिथे जॉन होसॅक नावाच्या शेतकऱ्याला झोपेतच कुऱ्हाडीने मारण्यात आले. शेजारी झोपलेली त्याची बायको मार्गारेट हिच्यावर आळ आला. ग्लास्पेलने डे मॉइनच्या वर्तमानपत्रासाठी या खटल्याच्या बातम्या लिहिल्या. मार्गारेटला 1901 साली जन्मठेप झाली, पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 1903 च्या फेरखटल्यात ज्यूरीचे एकमतच झाले नाही. त्या ज्यूरीत बाई नव्हती. स्त्रियांना ते स्थानच नव्हते. हे सगळे पंधरा वर्षे मनात घोळवून ग्लास्पेलने ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली, ती प्रॉव्हिन्सटाउन इथे रंगभूमीवर आली, आणि पुढच्याच वर्षी तिने त्याच कथानकावर ‘अ ज्युरी ऑफ हर पिअर्स’ ही कथा लिहिली.

एकांकिकेत नवऱ्याचा गळा दोरीने आवळला गेला आहे आणि बायको तुरुंगात आहे. शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधायला घर पालथे घालतात. वरची खोली पाहतात, गोठा पाहतात. स्वयंपाकघरात त्यांच्या मते पाहण्यासारखे काही नाही. तिथे एक शेजारीण आणि शेरीफची बायको कैदेतल्या बाईसाठी कपडे गोळा करत आहेत. त्यांना शिवणाच्या टोपलीत अर्धवट गोधडी सापडते. ती बाई ती कशी शिवणार होती, टाके घालून की गाठी मारून, असे त्या आपसात बोलतात आणि पुरुष हसतात. मग एकीचे लक्ष जाते. सगळ्या तुकड्यांवरचे टाके सारखे, नीट, एका मापाचे आहेत. एकाच तुकड्यावरचे टाके वेडेवाकडे, ताणलेले, दिशा सुटलेले आहेत. हात अचानक बिघडला आहे. त्या दिवशी त्या घरात काय झाले, हे त्या तुकड्यावर लिहिलेले आहे. टोपलीच्या तळाशी मान मुरगळलेला पाळीव पक्षी सापडतो, आणि नवऱ्याने काय केले व बायकोने का केले हे दोघींना कळते. शेजारीण नकळत सुई उचलते, ते वाकडे टाके उसवते आणि नीट घालू लागते. म्हणजे ती पुरावाच नष्ट करत असते. दाराशी उभ्या असलेल्या कायद्याच्या माणसांना यातले काहीही दिसत नाही.

इथे गोधडी काढून केक ठेवून पाहावा. कथा उरत नाही. टाक्याचा ताण हा हाताचा ताण असतो आणि हाताचा ताण मनाचा, हे ज्याने तासन् तास सुई चालवली त्यालाच माहीत असते. पंचनाम्यात ते बसत नाही. या शाखेतले जे पुस्तक चांगले आहे, ते या ज्ञानावर उभे आहे. या कादंबऱ्यांना क्षुल्लक म्हणणारा समीक्षक त्या शेरीफच्या शेजारीच जाऊन उभा राहतो.

ग्लास्पेलनंतर अकरा वर्षांनी, डिसेंबर 1927 मध्ये, इंग्लंडच्या ‘रॉयल मॅगझीन’मध्ये अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा अवतरली. कथेत स्कॉटलंड यार्डचा निवृत्त प्रमुख आहे, वकील आहे, पाद्री आहे, लेखक आहे, चित्रकार आहे. कोपऱ्यात एक म्हातारी विणत बसली आहे आणि मंडळ मोजताना तिला मोजायचेच विसरतात. उत्तर तीच देते. ते उत्तर येते कुठून? गोड पदार्थावर भुरभुरायच्या रंगीत साखरेच्या दाण्यांमधून. स्वयंपाकघराची माहिती नसलेल्या पाचही जणांना ते सुचणे शक्य नव्हते. पुढे 12 कादंबऱ्या आणि 20 कथांमध्ये ख्रिस्तीने हेच चालवले. मार्पलचे विणकाम हे तिचे आडोशाला बसणे आहे. हात गुंतलेल्या बाईसमोर लोक मोकळेपणाने बोलतात, कारण ती ऐकत नाही असे त्यांना वाटते.

प्रत्यक्ष तपासातही धागा साक्ष देतो. 1982 साली अमेरिकेत अटलांटा इथे वेन विल्यम्सला दोन खुनांबद्दल शिक्षा झाली, त्या खटल्याचा मोठा आधार गालिच्याचे हिरवे तंतू होते. आपल्याकडे बेवारस मृतदेहाची ओळख पटवताना पोलीस कॉलरच्या आतले शिंप्याचे लेबल आणि कपड्यावरची धोब्याची खूण पाहतात. तेव्हा सुईदोरा आणि गुन्हा यांची गाठ कादंबरीकारांनी ओढूनताणून मारली, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: हे बायकी आहे. या आक्षेपाला उत्तर देण्याची गरज दुसऱ्या एखाद्या शहराला पडेल, सोलापूरला पडू नये. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या पुरुष मागावर बसले आणि बायकांनी कांड्या भरल्या, टॉवेलच्या कडा शिवल्या. आज या शहरात गणवेश शिवणारे कारखाने आहेत आणि तिथे मशीनवर पुरुषही असतात, बायकाही असतात. याच जिल्ह्यात पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाची एक पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते, आणि नामदेव शिंपी होते. सुईला लिंग चिकटवणे ही अलीकडची खोड आहे. आणि समजा बायकी असले, तरी काय बिघडले? ज्या हुन्नराने घरे उभी राहिली, विधवांना चार पैसे मिळाले, रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात ज्याचे वर्ग चालले, तो हुन्नर कादंबरीच्या केंद्रस्थानी आला तर साहित्य उणे कसे होते?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच सामोरे गेले पाहिजे. खुनासारखी गोष्ट उबदार कशी करता? माणूस मेला आहे आणि वाचक चहाचा घोट घेत पान उलटतो आहे, यात काहीतरी असभ्य आहे, असे संवेदनशील माणसाला वाटू शकते. पण रक्तमांसाचे बारकाईने वर्णन करणाऱ्या थ्रिलरकडे पाहिले तर असभ्यपणा कुठे जास्त आहे, हे दिसते. तिथे मेलेली बाई बहुतेक वेळा एक देह असते, तिचे नाव तिसऱ्या पानानंतर कुणाला आठवत नाही. ‘क्रूअल वर्ल्ड’मध्ये मरते ती नायिकेची सख्खी बहीण. पोलीस हा चोरीतून झालेला खून समजतात, बहिणीला ते पटत नाही. तिला दुकान चालवावे लागते, गिऱ्हाइकांना सामोरे जावे लागते, बहिणीच्या हातच्या अर्धवट राहिलेल्या कामांकडे रोज पाहावे लागते. सेफ्टनच्या पुस्तकातही जिचा खून होतो ती नायिकेला आईसारखी होती. गेलेल्या माणसाची जागा रिकामी आहे, ती खुर्ची, ते अर्धे विणलेले स्वेटर दिसते आहे, ही जाणीव या कादंबऱ्यांत सतत असते. उबदारपणा खुनाला दिलेला नसतो. तो मागे राहिलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेला असतो. एवढ्याशा गावात वर्षाला चार-चार खून होतात हे न पटणारे आहे, ते मान्य. पण तेवढी सूट वाचक धनंजयलाही देत आला आहे.

उरतो परकेपणाचा मुद्दा. लोकर, बर्फ, शेकोटी यांचे आपल्याला काय, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर चढणाऱ्या सोलापुरात स्वेटर कोण विणणार? अगाथा ख्रिस्ती मधुकर तोरडमलांच्या अनुवादांतून मराठीत आली आणि मराठी वाचकाने ती आपली मानली, तेव्हा पाद्र्याचा बंगला आणि इंग्लिश खेडे आड आले नाही. शिवाय लोकर हवीच कशाला? सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवरच्या छिद्रांमधून ठरते. कोणता धागा वर उचलायचा हे छिद्र सांगते. एक छिद्र चुकले तर तीच चूक नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक चादरीवर उमटते. ती चूक ओळखणारा कारागीर चादर कोणत्या मागावरची आहे हे सांगू शकेल. यापेक्षा मजबूत धागा कोणत्या गुप्तहेराला हवा आहे?

इरकलीवरच्या कशिद्याचे पाहा. सोलापूरच्या दक्षिणेला सीमा ओलांडली की त्याचे माहेर. गवंती या टाक्यात सुई एकदा जाते आणि त्याच वाटेने परत येऊन रिकाम्या जागा भरते. कापडाची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते आणि मागे गाठ मारत नाहीत. म्हणजे आजीच्या हातची म्हणून दाखवलेल्या साडीच्या पाठीवर गाठ निघाली, तर ती आजीच्या हातची नाही. आणि वाकळ? जुनी लुगडी, धोतरे, सदरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ म्हणजे घराची वहीच. कोणता तुकडा कुणाच्या अंगावरचा, कोणत्या वर्षीचा, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असते. तिथे एक तुकडा असा निघावा की जो त्या घरातल्या कुणाच्याच अंगावर कधी नव्हता. कथा तिथून सुरू होऊ शकते.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत बोलल्या जातात. संशयितांचे मंडळ जमवायला आणि एकमेकींना नीट न कळलेल्या गोष्टींमधून गुंता घालायला लेखिकेला यापेक्षा चांगले गाव सापडणार नाही. शिवणक्लास आहेत, बचत गट आहेत, दुपारी ओट्यावर बसून टाका घालणाऱ्या बायका आहेत. त्यांना आपसात जे ठाऊक असते ते पोलीस ठाण्यात कुणी विचारत नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना सांगणे आहे की रहस्यकथा विशेषांक काढताना एकदा तरी सुईकाम जाणणाऱ्या लेखिकेकडे कथा मागावी, आणि गूढ, भय, पाठलाग यांच्या जोडीला तिलाही मानाचे पान द्यावे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थांनी ग्लास्पेलची एकांकिका वाचायला ठेवावी, तिचे मराठी वाचन घडवून आणावे. आणि सोलापूरच्या ज्या बाईला टाक्यावरून हात ओळखता येतो, तिने अशी पहिली मराठी कादंबरी लिहायला घ्यावी. माल घरात आहे, वाचकही आहे.