‘आपलंही जुरोंग होणार!’

वर्षभर एका वाक्याने डोकं उठवलं. मुंबईहून कुणी पाहुणा आला आणि इथे सिंगापूरच्या वेस्ट कोस्ट पार्कात फिरायला नेला, की पाण्यापलीकडच्या चिमण्या आणि टाक्या बघून तो म्हणतोच, “वाढवण बंदर झालं की आपलंही जुरोंग होणार!” एखाद्याने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण शिष्टमंडळातले साहेब, लेकीकडे आलेले वडील, इथेच मुरलेले आपले इंजिनियर, सगळ्यांची री एकच.

जुरोंग आयलंड आम्हाला परकं नाही. या अंकाच्या कितीतरी लेखकांचा पगार तिथूनच येतो, आणि (लपवायचं कशाला?) काही जाहिरातीही. पण रोज पास दाखवून आत जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की तिथे आधी सात बेटं होती? आयर चावान, मर्लिमाऊ, साक्रा, सेराया आणि आणखी तीन. मासे मारून राहणाऱ्या मलय लोकांची वस्ती होती. तेलाचे कारखाने येऊ लागले तशी ती माणसं मुख्य बेटावर हलवली गेली. 1995 नंतर मधला समुद्र बुजवत आणला, 2009 मध्ये भराव पुरा झाला. जेमतेम 10 चौरस किलोमीटर जमिनीची 32 झाली. समुद्राच्या तळाखाली, 130 मीटर खोल, तेलाची कोठारं कोरली. इंजिनियरिंगला मुजरा!

सौदा मात्र सिंगापूरने डोळे उघडे ठेवून केला. मासा धरण्यापेक्षा विकत घ्यायचा. इथलं नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येतं. खिसा गरम आहे तोवर निभतं. तरी 2019 मध्ये याच सरकारला 2030 पर्यंत पोषणाची तीस टक्के गरज घरच्या उत्पादनातून भागवण्याचं ध्येय जाहीर करावं लागलं.

आणि आपण? वाढवण बंदराचा खर्च 76,220 कोटी रुपये, समुद्रात भराव 1,448 हेक्टर. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. त्याच समारंभात मत्स्यव्यवसायाच्या देशभरातल्या 218 प्रकल्पांचाही नारळ फुटला. एकाच मांडवात लग्न आणि तेरावं उरकण्याची ही कल्पकता कुणाची, ते विचारायला हवं.

सरकार माशाला विसरलंय असं कुणी म्हणू नये. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. एप्रिल 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला. पर्ससीन जाळ्यांवर 2016 पासून निर्बंध आहेत, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला 2017 पासून बंदी. 135 मिलिमीटरहून लहान पापलेट धरायचं नाही, असाही नियम आहे. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी याहून दीड सेंटीमीटर लांब असते. ती घेऊन एकदा मासळी बाजारात जावं आणि टोपलीतली पापलेटं मोजावीत. कोळीणबाई हसेल, मोजू देईल.

म्हणजे कागदावर सगळं आहे, आधी काय ते ठरलेलं नाही. जेट्टी, बर्फाचा कारखाना, डिझेलचा परतावा यांचा फोटो निघतो, म्हणून ती यादीत वर. गस्तीची बोट रात्री बाहेर पडली का, याचा फोटो निघत नाही. आणि मासा जिथे अंडी घालतो तो किनाऱ्याजवळचा पट्टा यादीत येतो तो फक्त ‘बाधित क्षेत्र’ म्हणून. आमच्या मते क्रम उलटा हवा: पाणी पहिलं, मग गस्त, मग अनुदान.

यंदाच्या अंकाचा विषय ‘वाटणी’. संपादकीयाला तो ओढूनताणून जोडलाय असं वाटलं तर वाटू द्या, पण समुद्राची वाटणी आधीच झालेली आहे. सातपाटी, मुरबे, वसई, उत्तन इथले कोळी डोल जाळी बांधायला समुद्रात खुंट ठोकतात, त्या जागा म्हणजे कवी. कुणाची कव कुठे, यावरून पालघर आणि वसईकडच्या बोटींत वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. सातबारा नसलेल्या पाण्यासाठी माणसं इतकी भांडतात, तर ते पाणी मोकळं पडलंय असं कुणी कसं समजतं? भरपाईची भाषा निघते तेव्हाही बोटी मोजल्या जातात. वलांडीवर बोंबील वाळत घालणारी बाई कोणत्या रकान्यात बसते?

बाकी वर्ष गडबडीचं गेलं. सिंगापूरची साठी झाली, निवडणूक झाली, मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यावर आत लेख आहेत, ते तुम्ही वाचालच.

पुढच्या वेळी पाहुणे आले की आम्ही त्यांना वेस्ट कोस्ट पार्कात नेणार नाही. 1969 पासून चालू असलेल्या जुरोंग फिशरी पोर्टच्या फाटकाबाहेर मध्यरात्रीनंतर उभं करू आणि मासळीचे ट्रक आत शिरताना त्यांच्या नंबरप्लेटी वाचायला लावू. त्यांत मलेशियाच्या किती, हे मोजून झालं की वाढवणचं बोलू.