हलणारा दात काढण्यापूर्वी

‘साठी उलटली, आता दात हलायचेच,’ असे म्हणून अनेक घरांत हलणारा दात काढून टाकला जातो. वस्तुतः केवळ वयामुळे दात हलत नाहीत. हिरडीखाली साचलेल्या जिवाणूंमुळे व कीटणामुळे दाह टिकून राहतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि हिरडीही मागे सरते. हानी अशी दुहेरी असल्याने काही रुग्णांत दुरुस्तीही दुहेरी करावी लागते.

दातालगतच्या हाडात खोल, अरुंद खळगा पडला असेल, तर हिरडी उघडून तो स्वच्छ करतात आणि त्यात हाडाची भुकटी किंवा ऊतींच्या वाढीस चालना देणारे प्रथिनयुक्त जेल भरतात. परंतु वरची हिरडी पातळ असल्यास शस्त्रक्रियेनंतर ती आणखी आकसते. मूळ उघडे पडते, गार पाणी झोंबते. अशा वेळी टाळूतून ऊतीचा लहानसा तुकडा काढून त्याच बैठकीत हिरडीखाली बसवतात. त्यामुळे हिरडी जाड होते आणि मूळ झाकलेले राहण्याची शक्यता वाढते.

हा उपाय सर्वांसाठी नव्हे. हाड सर्व बाजूंनी सारखेच झिजले असेल, तर ते अशा रीतीने पुन्हा भरून येत नाही. प्रथम हिरडीखालचे कीटण काढून सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतरचा. मधुमेह आटोक्यात हवा. तंबाखू व मिश्री बंद हवी. रक्त पातळ करणाऱ्या अथवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधांची माहिती दंतवैद्यांना द्यावी. ती औषधे परस्पर थांबवू नयेत.

शस्त्रक्रियेनंतर मऊ, कोमट अन्न द्यावे. टाळूची जखम काही दिवस दुखते. ओठ ताणून टाके पाहू नयेत. सांगितल्याखेरीज तेथे ब्रश फिरवू नये. हाड कितपत भरले, हे क्ष-किरण चित्रात कळण्यास ६ ते १२ महिने लागतात.

पुढचे यश मात्र घरावर अवलंबून आहे. आजोबांचा हात थरथरत असेल, तर दातांच्या फटी साफ करण्यास कोणी रोज मदत करील का, हे आधीच ठरवावे. तेवढी निगा शक्य नसेल, तर शस्त्रक्रियेचा आग्रह न धरणेच शहाणपणाचे.